पितळी बिल्ला आणि पारख्याची जबाबदारी

व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या मुलाला अक्षरओळखीच्याही आधी मालाची ओळख होते. उरणच्या आमच्या सराफी पेढीवर मी सहा-सात वर्षांचा असताना वडील माझ्या हातात दोन वळी ठेवीत आणि विचारीत, "यातले चांदीचे कोणते आणि जर्मन सिल्व्हरचे कोणते?" उत्तर चुकले तर ते रागावत नसत. एवढेच म्हणत, "नुसत्या डोळ्यांनी पाहिलेस, हाताला विचारले नाहीस." ही शिकवण मला सोन्या-चांदीत उपयोगी पडलीच, परंतु तिची खरी परीक्षा झाली ती एका पितळी बिल्ल्याच्या निमित्ताने, आणि त्या परीक्षेत मी साफ नापास झालो. तीच हकिगत आज वाचकांपुढे ठेवतो आहे. आपल्या अनेक घरांत सराफी, भांडी किंवा मोडीचा धंदा आहे, म्हणून ती सांगण्यासारखी वाटते.

मोडीच्या डब्यातून

सैनिकी बिल्ले आणि पदके जमविण्याचा मला सुमारे चाळीस वर्षांचा नाद आहे. "अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घरात लढाईच्या वस्तू कशाला?" असे आई पुष्कळदा विचारीत असे. तिला मी कधी नीट उत्तर देऊ शकलो नाही. खरे उत्तर मोडीच्या डब्यात होते.

जानेवारी १९८० मध्ये जगभर चांदीचा भाव कडाडला होता. गावोगावची माणसे घरातली जुनी चांदी घेऊन पेढ्यांवर येऊ लागली. तोडे, वाळे, करंडे, निरांजने यांच्या ढिगात एक गोल पदक आले. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा पुरुष. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांना दिलेले ते 'ब्रिटिश वॉर मेडल' होते, हे मला फार नंतर कळले. ते चांदीचे असे आणि त्याच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. मी त्या वेळी पंधरा वर्षांचा होतो. कडेवरचे नाव मी मोठ्याने वाचले. वडिलांनी ऐकले, वजन केले, पैसे मोजले आणि पदक इतर चांदीबरोबर मुशीत गेले. धंद्याच्या रीतीने त्यात काही वावगे नव्हते. परंतु ते नाव आज मला आठवत नाही, आणि हीच गोष्ट मला सलते. अशी किती पदके देशभरच्या मुशींत वितळली असतील याचा हिशेब कोणत्याच चोपडीत नाही.

पुढे मी मोडीत येणारे बिल्ले बाजूला काढू लागलो. आमचे राहते घर मोऱ्यात. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच मोरा बंदराला लागते आणि ओहोटीला गाळामुळे ती खोळंबते, हे उरणकरांना सांगायला नको. समोर घारापुरीचे बेट, पाठीशी करंजाकडे नौदलाचा शस्त्रसाठ्याचा तळ. त्यामुळे गणवेशातली माणसे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. रविवारी लाँचने मुंबईला जायचे, जुन्या बाजारातून फिरायचे आणि खिशाला परवडेल तो एखादा बिल्ला घेऊन यायचे, असा माझा वर्षानुवर्षांचा क्रम होता. या क्रमातच एकदा मी अठरा हजार रुपये मोजून मराठा लाइट इन्फन्ट्रीचा एक सुरेख बिल्ला घेतला. झळझळीत, रेखीव, कोठेही उणेपणा नसलेला. पेढीतल्या काचेच्या पेटीत तो मी सर्वांत वर मांडला.

एक चुकीचा निर्वाळा

काही वर्षांपूर्वी, शाळा-कॉलेजे उघडण्याच्या दिवसांत, मोऱ्यातल्याच एक मावशी पेढीवर आल्या. त्यांचे सासरे मूळचे माणगावकडचे; दुसऱ्या महायुद्धातून परतल्यावर बंदरावर कामाला लागले आणि येथेच स्थायिक झाले. मावशींनी पदराच्या गाठीतून एक पितळी बिल्ला काढून माझ्यापुढे ठेवला.

"शेठ, हा माझ्या सासऱ्यांचा. पलटणीतला. नातवाची फी भरायची आहे. तुम्ही जमवता म्हणून आले. याचे काय येतील?"

मी भिंग डोळ्याला लावले. बिगुल होता, वर मुकुट होता. पण अक्षरे बुजलेली, पृष्ठभाग खडबडीत, मागे वाळूसारखे बारीक खड्डे, कडेला कानस फिरवल्याच्या खुणा. ठशाने दाबून काढलेला नव्हता. साच्यात ओतलेला होता. माझ्या पेटीतल्या बिल्ल्यापुढे तो अगदीच गावंढळ दिसत होता. मी पुस्तकात वाचले होते की ओतीव बिल्ला म्हणजे नक्कल. मी म्हणालो, "मावशी, हा ओतीव आहे. नकली आहे. पितळेचे म्हणाल तर पन्नास रुपये होतील."

त्यांनी काही न बोलता बिल्ला पुन्हा गाठीत बांधला आणि त्या निघून गेल्या. मीही दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

सात-आठ महिन्यांनी पुण्याला एका लग्नकार्यासाठी गेलो असता एका निवृत्त लष्करी गृहस्थांकडे चहाला जाण्याचा योग आला. त्यांचाही संग्रह होता. बोलता बोलता मी मावशींच्या बिल्ल्याचा किस्सा, काहीशा फुशारकीनेच, सांगितला. त्यांनी शांतपणे कपाट उघडले आणि तीन बिल्ले माझ्यापुढे ठेवले. तिन्ही ओतीव, तिन्ही खडबडीत, आणि प्रत्येकासोबत त्या सैनिकाची कागदपत्रे. ते म्हणाले, "युद्धात पलटणी झपाट्याने वाढत होत्या. विलायतेहून माल येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. इथल्या कासारांनी आणि ओतकाम करणाऱ्यांनी बिल्ले ओतून दिले, आणि आपल्या शिपायांनी तेच टोपीवर लावले. ओतीव आहे म्हणून खोटा ठरवलात? मग पाहिलेत काय?"

मग त्यांनी माझ्या फोनवरचे छायाचित्र पाहिले. माझ्या अठरा हजारांच्या बिल्ल्याचे. एकच बोट त्यांनी मुकुटावर ठेवले. त्यानंतरचा तासभर ही आमच्या पेढीवरची जुनी शिकवणीच होती, फक्त गुरू निराळे होते. त्या दिवशी आणि पुढे जे शिकलो ते क्रमाने मांडतो.

पहिली कसोटी : काळ

बिल्ल्यावर जे जे आहे ते सारे एकाच काळात एकत्र असू शकते काय, हा पहिला प्रश्न. त्याला ना भिंग लागते ना काटा. फक्त सनावळी लागते.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचेच उदाहरण घ्या. तिच्या सर्वांत जुन्या पलटणीचा, जंगी पलटणीचा, इतिहास १७६८ पर्यंत मागे जातो. परंतु '५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री' हे नाव १९२२ च्या पुनर्रचनेत आले. १९४५ मध्ये पायदळाच्या बहुतेक रेजिमेंटांच्या नावांतले क्रमांक गेले. इंग्रजीत 'मराठा' हा शब्द त्या वेळी मधे एक जादा 'एच' घालून आणि दोन 'टी' वापरून लिहीत. स्वातंत्र्यानंतर आजचे साधे रूप आले. २६ जानेवारी १९५० पासून भारत प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. म्हणजे पाचाचा आकडा आणि सिंहमुद्रा एकाच बिल्ल्यावर दिसली, तर तो बिल्ला कोणत्याही काळाचा नाही.

आता मुकुट. ब्रिटिश चिन्हांवर स्थूलमानाने तीन प्रकारचे मुकुट आढळतात. राणी व्हिक्टोरियाच्या काळचा एक, तिचे निधन जानेवारी १९०१ मध्ये झाले. त्यानंतरच्या राजांच्या काळात ट्यूडर मुकुट आला. त्याच्या कमानी घुमटासारख्या वर फुगीर जातात. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक झाला आणि सेंट एडवर्डचा मुकुट रूढ झाला. त्याच्या कमानी दोन्ही बाजूंना उंच आणि मध्यभागी खोल दबलेल्या असतात. पाचव्या मराठा रेजिमेंटचे नावच १९२२ चे, आणि मुकुट गेला १९५० मध्ये. या अठ्ठावीस वर्षांत फक्त घुमटासारखा ट्यूडर मुकुटच शक्य आहे. माझ्या रेखीव बिल्ल्यावरचा मुकुट मध्ये दबलेला होता! ज्याने तो बनवला त्याने समोर कोणतातरी १९५३ नंतरचा इंग्रजी बिल्ला नमुना म्हणून ठेवला असावा. मावशींच्या खडबडीत बिल्ल्यावरचा मुकुट मात्र घुमटासारखा होता. तो मी पाहिला होता, आणि तरीही पाहिला नव्हता.

नौदलाच्या चिन्हांनाही हीच कसोटी लागू पडते. 'रॉयल इंडियन नेव्ही' हे नाव २ ऑक्टोबर १९३४ चे. त्यापूर्वी ती 'रॉयल इंडियन मरीन' होती. म्हणून पहिल्या महायुद्धातला म्हणून कोणी 'रॉयल इंडियन नेव्ही'चा बिल्ला दाखवू लागला तर हात जोडून उठावे. 'रॉयल' हा शब्द आणि मुकुट १९५० च्या प्रजासत्ताकदिनी गेले. जहाजांच्या नावापुढचे 'एचएमआयएस' जाऊन 'आयएनएस' आले. अगदी अलीकडे, २ सप्टेंबर २०२२ रोजी, नौदलाच्या ध्वजावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेली अष्टकोनी चौकट आली. तेव्हा अष्टकोनी चौकटीतले नौदलचिन्ह 'सत्तर सालचे' म्हणून विकणारा माणूस एक तर अज्ञानी आहे किंवा आपल्याला अज्ञानी समजतो आहे.

महार रेजिमेंटच्या बिल्ल्याची कथाही अशीच बोलकी आहे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटच्या चिन्हात प्रारंभी कोरेगावचा विजयस्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशिनगन रेजिमेंट झाल्यावर व्हिकर्स मशिनगनांची फुली आली, आणि पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. प्रत्येक बदल म्हणजे संग्राहकाच्या हातात आलेली एक किल्लीच आहे.

दुसरी कसोटी : घडण

कारखान्यात तयार होणारा बिल्ला पोलादी ठशाखाली पत्रा दाबून काढतात. त्याच्या रेषा स्वच्छ असतात, पृष्ठभाग नितळ असतो आणि पुढे जो उंचवटा आहे तोच मागून खोलगट दिसतो. नक्कल करणारा माणूस बहुधा खऱ्या बिल्ल्याचा साचा घेऊन त्यात धातू ओततो. धातू थंड होताना आकसतो. पितळ सुमारे दीड टक्का. म्हणून चाळीस मिलिमीटरच्या बिल्ल्याची नक्कल एकोणचाळीसाच्या जरा पुढे भरते. खऱ्या नमुन्याची मापे जवळ असतील तर साधी कॅलिपर ही चोरी पकडते. ओतकामात अक्षरांच्या कडा गोलावतात, बुडबुड्यांचे खड्डे राहतात आणि मोकळ्या जागा कानशीने साफ कराव्या लागतात.

परंतु येथेच माझी चूक झाली. ओतीव असणे हा विलायती कारखान्याच्या बिल्ल्याविरुद्ध पुरावा आहे. युद्धकाळात येथेच घडलेल्या देशी बिल्ल्याविरुद्ध नव्हे. प्रश्न 'ओतीव की दाबीव?' एवढाच नसून 'या बिल्ल्याची जी जन्मकथा सांगितली जाते, तिला ही घडण शोभते काय?' असा आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. जुने पोलादी ठसे पुढे दुसऱ्यांच्या हाती गेले आणि त्यांवरून नवे बिल्ले पुन्हा काढले गेले. हे दाबीव असतात, रेखीव असतात, आणि तरी ते पलटणीत कोणी वापरलेले नसतात. कारखान्याच्या नावावरही विसंबू नये. बर्मिंगहॅमच्या जे. आर. गाँट अँड सन या नामांकित घराण्याचे नाव नकली मालावरही सर्रास उमटवलेले आढळते. खोट्या नाण्यावरही राजाचे नाव असतेच. किंबहुना तेथे ते अधिक ठळक असते.

मागील बाजू अवश्य पाहावी. टोपीत खोचण्याची उभी पट्टी किंवा पिन अडकविण्याच्या दोन कड्या तेथे झाळलेल्या असतात. जुन्या झाळकामाचा रंग मूळ धातूसारखाच काळवंडलेला असतो. पांढऱ्या, चकचकीत, मऊ कथलाचा ढीग दिसला तर ती कडी काल-परवाची समजावी. पेढीवर दागिन्याचा डाग पाहणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

तिसरी कसोटी : वजन

अधिकाऱ्यांचे काही बिल्ले चांदीचे असत. 'चांदीचा' म्हणून पुढे आलेला बिल्ला कसोटीच्या दगडावर घासून त्याची नासाडी करण्याचे कारण नाही. तो आधी हवेत तोलावा, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोलावा. हवेतले वजन भागिले पाण्यात कमी झालेले वजन, म्हणजे धातूचे विशिष्ट गुरुत्व. चांदीचे सुमारे साडेदहा, पितळेचे साडेआठच्या आसपास, जस्ताचे सात, ॲल्युमिनियमचे पावणेतीनच्या आत. एकवीस ग्रॅमच्या बिल्ल्याचे वजन पाण्यात दोन ग्रॅमने घटले तर चांदी संभवते. अडीच ग्रॅमने घटले तर ते पितळ आहे, वरून पाणी चढवले आहे. स्वस्त नकला बहुधा जस्तमिश्रित धातूच्या असतात. हातात घेताच त्या हलक्या लागतात. 'हाताला विचार' असे वडील म्हणत ते याचसाठी.

चौथी कसोटी : झीज

शिपाई आपला बिल्ला रोज घासून लखलखीत ठेवी. त्यामुळे खरी झीज उंच भागांवर असते, मुकुटाच्या माथ्यावर, बिगुलाच्या पोटावर. आणि खोल कोपऱ्यांत जुन्या पॉलिशचा घट्ट साका असतो. कृत्रिम जुनेपणा आम्लाने किंवा अमोनियाच्या वाफेने आणतात. तो सर्वत्र सारखा काळा असतो, उंचावरही आणि खोलीतही. मागे कड्यांच्या आत पिनेने घासून पडलेली खाच दिसली तर समजावे की हा बिल्ला कोणाच्या तरी कपाळावर उन्हापावसात फिरलेला आहे. आणि एक विनंती : जुना बिल्ला हाती आला की तो चिंच लावून घासू नका. त्या घासण्यात त्याचा सारा पुरावा धुऊन जातो.

पाचवी कसोटी : नाव आणि वारसा

वस्तू कोठून आली, कोणाच्या हातून आली, तिच्याबरोबर काय आले, हा अखेरचा आणि सर्वांत मोठा पुरावा. दुसऱ्या महायुद्धातील 'स्टार' पदके ब्रिटनने आपल्या सैनिकांना नावाविना दिली. परंतु भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांवर बहुधा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. त्यामुळे एखाद्या घरी बिल्ला असेल तर ट्रंकेत पदकही आहे काय, सैन्यातून मुक्त झाल्याचे पुस्तक आहे काय, हे विचारावे. हे मी मावशींना विचारले नव्हते. विचारण्याची तसदीच घेतली नव्हती.

चुकीची दुरुस्ती

पुण्याहून परतलो आणि दुसऱ्याच दिवशी मावशींच्या घरी गेलो. दर संवत्सरीला आम्ही शेकडो लोकांना क्षमापनेचे संदेश पाठवतो. ज्यांच्याकडे खरोखर क्षमा मागायला हवी होती त्यांचे घर आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर होते आणि त्यांना मी कधी काही पाठवले नव्हते.

मी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी मी चुकलो. तुमचा बिल्ला मला पुन्हा दाखवा, आणि सासऱ्यांचे आणखी काही असेल तर तेही."

मावशींनी लगेच उत्तर दिले नाही. मग हळूच म्हणाल्या, "शेठ, तुम्ही नकली म्हणालात तेव्हापासून घरात कोणी त्यांचं नाव काढत नाही. मुलगा म्हणतो, आजोबा लढाईवर गेलेच नसतील, बाजारातून बिल्ला आणून गोष्टी सांगत असतील."

अठरा हजार रुपये बुडाल्याचे दुःख त्या वाक्यापुढे मला काहीच वाटले नाही. मी एका वस्तूला खोटी म्हटले होते. त्या घराने एका माणसाला खोटे मानले होते.

पलंगाखालची पत्र्याची ट्रंक निघाली. कापडात गुंडाळलेली दोन पदके त्यात होती. एक 'इटली स्टार', जून १९४३ ते मे १९४५ या काळात त्या आघाडीवर असलेल्यांना मिळालेला. दुसरे 'वॉर मेडल'. मी भिंग मुलाच्या हाती दिले आणि म्हटले, "तुम्हीच वाचा." त्याने ताऱ्याच्या पाठीवरची बारीक अक्षरे एक एक करून वाचली. क्रमांक, 'शिपाई', आजोबांचे नाव आणि शेवटी जादा 'एच' असलेले ते जुने 'मराठा'. वाचून झाल्यावर तो बराच वेळ भिंग तसेच धरून बसला. मावशी म्हणाल्या, "म्हणजे मामंजी खरंच सांगत होते."

मी त्यांना सांगितले की, याच जिल्ह्याच्या माणगाव भागातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे याच पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीकाठी पहिल्या पलटणीच्या शिपाई नामदेव जाधव यांनीही तो सन्मान मिळविला. मावशींचे सासरे त्याच इटलीच्या मातीत होते. बिल्ला विलायती नव्हता, आपल्याच एखाद्या ओतकाऱ्याने घाईत ओतलेला होता. म्हणूनच तो खरा होता.

मग किमतीचे बोललो. "बिल्ला आणि पदके एकत्र असतील तर संग्राहकांत त्यांना काही हजार रुपये येतील. मला द्यायचे असेल तर मी घेईन. पण आधी आणखी दोघांना दाखवा, एकट्या माझ्या शब्दावर देऊ नका." मावशी हसल्या. "आता नाही द्यायचं शेठ. फी तेव्हाच भरली, बांगडी गहाण टाकून." ती बांगडी दुसऱ्या पेढीवर होती. सोडवून आणण्याची तयारी मी दाखवली, तीही त्यांनी नाकारली. ती रुखरुख माझ्याच खात्यावर राहिली आहे.

व्यापाऱ्याचे व्रत आणि कायदा

आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत 'प्रतिरूपक व्यवहार' हा एक आहे. अस्सलासारखी दिसणारी वस्तू अस्सल म्हणून खपविणे, असा त्याचा अर्थ. त्याच यादीत 'तदाहृतादान', म्हणजे चोरीचा माल घेणे, हेही आहे. नक्कल करणे हाच दोष नव्हे. नाटकासाठी, चित्रपटासाठी नकला लागतातच. 'नक्कल' असे सांगून विकलेली नक्कल हा सरळ व्यापार आहे. न सांगता विकलेली ती चोरी आहे. मी मात्र या निमित्ताने आणखी एक गोष्ट शिकलो. ज्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात त्याने खऱ्याला खोटे म्हणणे हेही तितकेच नुकसानकारक असते, मग ते लोभाने घडो वा घाईने.

कायद्याचीही काही माहिती असावी. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि ती खाजगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. पहिल्या महायुद्धातील वस्तूंनी आता शंभरी ओलांडली आहे, हे ध्यानात ठेवावे. तसेच भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे, सैनिक नसताना आपण सैनिक आहोत असे भासविण्याच्या हेतूने सैनिकाचा पोशाख घालणे किंवा त्याचे चिन्ह बाळगणे हा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंडास पात्र असा गुन्हा आहे. २०१६ च्या पठाणकोट हल्ल्यानंतर लष्करी नमुन्याचे कापड व पोशाख विकू नयेत असे आवाहन सेनेने दुकानदारांना केले होते. आमच्यासारख्या तळाशेजारच्या गावात तर या आवाहनाचे मोल अधिकच. जुना बिल्ला पेटीत शोभतो; सध्याच्या गणवेशावरचा बिल्ला अनोळखी गिऱ्हाइकाला विकणे हा निराळा विषय आहे, आणि तेथे नफ्याचा विचार करू नये.

अठरा हजारांचा तो बिल्ला मी फेकून दिला नाही आणि कोणाला विकलाही नाही. तो आजही त्याच काचेच्या पेटीत आहे. फक्त खाली चिठ्ठी आहे : 'नक्कल. मुकुट पाहा.' पेढीवर नवा मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याला तो हातात देतो.

आणि एक नियम आम्ही घालून घेतला आहे. आपल्यापैकी ज्यांच्याकडे मोड येते त्यांनीही तो घालून घ्यावा, अशी विनंती करतो. मोडीत नाव कोरलेली कोणतीही वस्तू आली, पदक असो, बिल्ला असो की एखादा तांब्या, की ते नाव, गाव आणि तारीख आधी चोपडीत उतरवून घ्यायची, घरच्यांना 'हे कोणाचे?' म्हणून विचारायचे, आणि मगच काटा हातात घ्यायचा. यात वेळ जातो तो पाच मिनिटांचा.